एकाच वारंवारतेवर दुप्पट संदेश : मायक्रोवेव्ह दुव्यांतील जोड-अँटेना

उज्जैनच्या रेल्वे स्थानकाजवळील देवास गेट परिसरात 2028च्या सिंहस्थात यात्रेकरूंची रीघ लागेल आणि त्यांच्या मोबाइलचा भार जवळच्या मनोऱ्यांवर पडेल. जेथे रस्ता खणून ऑप्टिकल फायबर टाकणे शक्य नसते, तेथे समोरासमोर रोखलेल्या तबकड्यांचा मायक्रोवेव्ह दुवा कामी येतो. त्याची क्षमता मात्र वाट्याला आलेल्या वारंवारता-पट्ट्याने बांधलेली असते. त्याच पट्ट्यातून दुप्पट माहिती नेण्याची युक्ती म्हणजे जोड-अँटेना.

दोन्ही टोकांना दोन-दोन अँटेना बसवून एकाच वारंवारतेवर दोन स्वतंत्र संदेशप्रवाह सोडतात. पलीकडच्या प्रत्येक अँटेनाला ते मिसळूनच मिळतात. अँटेना फार जवळ असल्यास दोन्हींकडील मिसळ सारखीच असते व ती सुटत नाही. अंतर वाढवून तिरका मार्ग सरळ मार्गाहून पाव तरंगलांबीने लांब केला, की गणिताने प्रवाह वेगळे काढता येतात. त्यासाठी अँटेनांमधील अंतराचा वर्ग हा तरंगलांबी व दुव्याची लांबी यांच्या गुणाकाराच्या निम्मा हवा.

देवास गेटहून कुमार गंधर्वांच्या देवासपर्यंत, म्हणजे सुमारे 37 किलोमीटर, 6 गिगाहर्ट्झचा दुवा कल्पिला तर हे अंतर 30 मीटर भरते. एवढा उंच मनोरा केवळ यासाठी कोण उभारणार? उलट 18 गिगाहर्ट्झवर 5 किलोमीटरसाठी साडेसहा मीटर, तर 80 गिगाहर्ट्झवर एका किलोमीटरसाठी 1.4 मीटर पुरतात. शहरातील आखूड टप्प्यांनाच हे तंत्र मानवते, ते यामुळे.

अनेक अँटेनांद्वारे एकाच वारंवारतेवर अनेक प्रवाह पाठवण्याच्या कल्पनेचे अमेरिकी पेटंट 1994 मध्ये आरोग्यस्वामी पॉलराज व थॉमस कैलथ यांना मिळाले. पॉलराज पूर्वी भारतीय नौदलात होते. कैलथ यांचा जन्म पुण्याचा आणि अभियांत्रिकीची पदवीही तेथलीच.

जोड-अँटेनांचा जुना उपयोग निराळा आहे. मांडवी-झुआरीसारख्या विस्तीर्ण पाण्यावरून जाणाऱ्या दुव्यात पृष्ठभागावरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीला मारक ठरते आणि संदेश क्षीण होतो. एकाच मनोऱ्यावर खाली-वर दोन अँटेना असल्यास एकीवर संदेश बुडाला तरी दुसरीवर बहुधा टिकतो. मुसळधार पावसापुढे मात्र ही जोडी निरुपयोगी ठरते, कारण सरी दोन्ही अँटेनांच्या वाटेत सारख्याच येतात. तेथे टप्पा आखूड ठेवणे किंवा कमी वारंवारता वापरणे, हेच उपाय उरतात.