बांधकाम व्यवस्थापन (स्थापत्य अभियांत्रिकीतील अध्यापन विषय)

बांधकाम व्यवस्थापन हा स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमातील एक विषय आहे. हाती घेतलेले बांधकाम ठरलेल्या मुदतीत, मंजूर खर्चात, अपेक्षित दर्जाचे आणि कामगारांच्या जिवाला धोका न पोहोचवता कसे पूर्ण करावे, याचे शिक्षण त्यात दिले जाते. तुळई किती जाड असावी हे संरचनेच्या तासाला शिकवतात. ती कोणत्या दिवशी ओतावी, त्यासाठी किती माणसे, किती सेंट्रिंग आणि किती पैसा हाताशी हवा, हा या विषयाचा प्रांत होय.

पार्श्वभूमी

भारतातील जुनी अभियांत्रिकी विद्यालये मुख्यतः सरकारी बांधकामांसाठी माणसे तयार करण्याकरिता निघाली. रुडकी येथील महाविद्यालय १८४७ मध्ये, तर पुण्यातील अभियांत्रिकी वर्ग १८५४ मध्ये सुरू झाला. अंदाजपत्रक तयार करणे, झालेल्या कामाची मोजमाप पुस्तकात नोंद करणे, निविदा मागवणे ही कौशल्ये सरकारी बांधकामाच्या रोजच्या कारभाराचा भाग होती. ‘अंदाजपत्रक व मूल्यनिर्धारण’ हा विषय आजही वेगळा शिकवला जातो, आणि व्यवस्थापनाचा पाया खरे तर तेथेच घातला जातो.

स्वतंत्र विषय म्हणून व्यवस्थापनाला महत्त्व आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. हेन्री गँट यांचे दंडालेख विसाव्या शतकाच्या आरंभापासून वापरात होते. मात्र एक काम दुसऱ्यावर कसे अवलंबून आहे, हे त्यांतून स्पष्ट होत नसे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या मॉर्गन वॉकर यांनी रेमिंग्टन रँडच्या जेम्स केली यांच्यासह ‘क्रिटिकल पाथ मेथड’, म्हणजे निर्णायक मार्गाची पद्धत, विकसित केली. त्याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून ‘पर्ट’ ही पद्धत पुढे आली. भारतात या क्षेत्रातील विशेष शिक्षणासाठी १९८३ मध्ये राष्ट्रीय बांधकाम व्यवस्थापन व संशोधन संस्था (निकमार) स्थापन झाली.

अध्यापनाचा गाभा

वर्गात सर्वाधिक वेळ जातो तो कामांच्या जाळ्याचे विश्लेषण शिकवण्यात. एका लहान घराचे उदाहरण घेता येईल. खोदकामास ५ दिवस, पायास ८ दिवस आणि भिंतींस १२ दिवस लागतात. चौकटी सुताराकडून करून घेण्यास १० दिवस लागतात व भिंती सुरू होण्यापूर्वी त्या जागेवर हव्यात. सुताराचे काम पहिल्याच दिवशी सुरू करता येते. भिंतींना आरंभ होतो तो पाया पुरा झाल्यावर, म्हणजे १३ दिवसांनंतर. एकूण मुदत २५ दिवस. चौकटींच्या कामाला त्यामुळे ३ दिवसांची सवड मिळते. सुताराने ३ दिवस उशीर केला तरी घर वेळेवर होते, चौथ्या दिवसापासून मात्र सारेच काम मागे पडते. इंग्रजीत यास ‘फ्लोट’ म्हणतात. ‘सवड’ हा रुळलेला मराठी शब्द तोच अर्थ अधिक सहजपणे सांगतो, तरी पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच आढळतो.

अशी गणिते विद्यार्थी लवकर आत्मसात करतात. अडचण येते ती आकडे कोठून आले हे विचारल्यावर. भिंतीस १२ दिवस लागतात असे गृहीत धरताना किती गवंडी, त्यांच्या हाताखाली किती बिगारी, विटा परांचीवर कोण पोहोचवणार, पावसाळा आहे की नाही, हे सर्व त्यात अध्याहृत असते. दर पृथक्करण आणि श्रमाची उत्पादकता हे घटक याच कारणासाठी जाळ्याच्या आधी शिकवणे इष्ट ठरते. अनेक ठिकाणी क्रम उलटा असतो.

पैशाच्या प्रवाहाचा भागही असाच उपेक्षित राहतो. ठेकेदाराला मजुरी बहुधा आठवड्याला चुकवावी लागते, सिमेंट व लोखंडाचे पैसे ठरल्या तारखेला द्यावे लागतात. कामाचे देयक मात्र मोजमापे झाल्यावर मंजूर होते आणि त्यातूनही सुरक्षा अनामत कापली जाते. कागदावर नफ्यात असलेले काम या अंतरामुळे मध्येच बंद पडू शकते. ही गोष्ट समीकरणाने शिकवण्यापेक्षा बारा महिन्यांचा जमाखर्च विद्यार्थ्याकडून मांडून घेतल्यास चांगली उमगते.

मुदत आणि सुरक्षितता

या विषयाचा सर्वांत गंभीर भाग म्हणजे घाईचे परिणाम. स्लॅबचे टेकू लवकर काढले तर तेच साहित्य पुढच्या मजल्याला वापरता येते, भाडे वाचते आणि वेळापत्रक आकर्षक दिसते. भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार, साधे पोर्टलंड सिमेंट असताना, तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली जात नसताना आणि पुरेसे पाणी मारलेले असताना, ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू साधारणपणे किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्यासाठी १४ दिवस ठेवावे लागतात. तुळयांच्या बाबतीत ६ मीटरपर्यंत १४ दिवस व त्यापुढे २१ दिवस ही मर्यादा आहे. हे आकडे काँक्रीटच्या तासाला पाठ होतात, पण वेळापत्रक आखताना विसरले जातात. म्हणून चांगले अध्यापक वेळापत्रकाच्या प्रत्येक स्वाध्यायात टेकू काढण्याचे दिवस स्वतंत्र काम म्हणून दाखवण्याचा आग्रह धरतात. घाई करण्याचा आदेश आला असता नवख्या अभियंत्याने नकार कोणत्या नियमाच्या आधारे व कोणाकडे लेखी नोंदवावा, हेही शिकवणे आवश्यक आहे. अभ्यासक्रमाच्या छापील मुद्द्यांत ते सहसा नसते.

इमारत व इतर बांधकाम कामगारांसंबंधीचा १९९६ चा कायदा, त्याखालील उपकर आणि त्यानंतरच्या श्रमसंहिता यांचाही परिचय करून देणे अपेक्षित असते. नाक्यावर रोजंदारीसाठी उभा राहणारा, बहुधा परप्रांतातून वा दुष्काळी तालुक्यातून आलेला मजूर हा या कायद्याचा विषय आहे, हे विद्यार्थ्याच्या ध्यानी आणून दिले नाही तर कलमे केवळ परीक्षेपुरती उरतात.

अध्यापनाच्या पद्धती

व्याख्यानाला पूरक म्हणून खेळांचा वापर बऱ्याच काळापासून होत आहे. डॅनियल हॅल्पिन व रोनाल्ड वुडहेड यांचा ‘कन्स्ट्रक्टो’ हा संगणकीय खेळ १९७३ चा. आयरिस टॉमेलिन, डेव्हिड रायली व ग्रेग हॉवेल यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘परेड’ हा फाशांचा खेळ वर्गात सहज घेता येतो. विद्यार्थ्यांचे गट रांगेत बसतात. प्रत्येक गट म्हणजे एक कारागिरी. मागच्या गटाने जेवढे नग पुढे सरकवले असतील, तेवढ्यावरच पुढच्याला काम करता येते. समजा पाच गट आणि ५० नग आहेत. प्रत्येक गट दर फेरीला नेमके ५ नग पुढे देत असेल, तर काम १४ फेऱ्यांत संपते. फाशावर कधी १ आणि कधी ९ येऊ लागले की सरासरी ५ च राहूनही सहसा फेऱ्या वाढतात, आणि शेवटचे गट वारंवार रिकामे बसतात. प्लंबर आला पण गिलावा झालेला नाही, ही बांधकामावरची नित्याची तक्रार विद्यार्थ्याला येथे प्रत्यक्ष दिसते.

क्षेत्रभेटींचा उपयोग त्यांच्या आखणीवर अवलंबून असतो. साठ विद्यार्थ्यांना एका दुपारी इमारत दाखवून आणल्याने फारसे साधत नाही. चार-पाच जणांच्या गटाने एकाच जागी काही आठवडे जाऊन झालेले काम, हजर मजूर व खोळंब्याची कारणे टिपली, तर त्या नोंदींतून वर्गात चर्चा उभी राहते. अडचण अशी की ठेकेदार अपघाताच्या जबाबदारीमुळे विद्यार्थ्यांना आत घेण्यास नाखूश असतात. ज्यांनी स्वतः कामावर दिवस काढलेले नाहीत अशा अध्यापकांनाही या नोंदींचा अर्थ लावणे कठीण जाते. त्यासाठी काही महाविद्यालये निवृत्त अभियंत्यांना अभ्यागत व्याख्याते म्हणून बोलावतात.

प्रिमाव्हेरा, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट यांसारख्या संगणकीय प्रणालींचे प्रशिक्षण आता बहुतेक ठिकाणी दिले जाते व नोकरीच्या दृष्टीने त्याला मागणी आहे. तथापि प्रणाली चुकीच्या माहितीवरूनही नीटनेटका तक्ता काढून देते. त्यामुळे पहिले एक-दोन स्वाध्याय हातानेच सोडवून घेण्याची प्रथा अनेक अध्यापकांनी कायम ठेवली आहे. लेखी परीक्षेत जाळ्याचे गणित हमखास गुण मिळवून देते. करार, तंटे व सुरक्षितता यांवरील प्रश्न विद्यार्थी पर्याय म्हणून सोडून देतात, आणि प्रश्नपत्रिकेची रचनाही त्यांना तशी मुभा देते.