सनई-चौघडा

सनई-चौघडा हा महाराष्ट्र व गोव्यातील पारंपरिक मंगलवाद्यांचा संच आहे. सनई हे सुषिर वाद्य आणि चौघडा किंवा नगारा हे अवनद्ध वाद्य ही त्याची दोन मुख्य अंगे होत. देवळातील नित्योपचार, विवाह, मुंज, पालखी, जत्रा व सार्वजनिक समारंभ अशा भिन्न प्रसंगी हा संच वाजवला जातो. लोकसंगीत व रागसंगीत हे दोन्ही त्याच्या वादनाचा भाग आहेत.

नाव
‘सनई’ या शब्दाचा संबंध ‘सुरनाई’ या फार्सी शब्दाशी जोडला जातो. हिंदीत या वाद्यास शहनाई म्हणतात. ‘नौबत’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ पाळी असा असून ठरावीक वेळी होणाऱ्या वादनास ते नाव मिळाले. जेथे हे वादन होते, त्या वास्तूस नगारखाना किंवा नौबतखाना म्हणतात. मराठीत ‘सनई-चौघडे वाजणे’ हा वाक्प्रयोग विवाह होणे या अर्थाने रूढ आहे.

वाद्ये
संचात साधारणतः एक किंवा दोन सनया, एक सूर आणि नगाऱ्यांची जोडी असते. सनईची लाकडी नळी वरून खाली रुंदावत जाते. तिच्या टोकाशी धातूचा कर्णा, तर मुखाशी दुहेरी पत्ती असते. ओठांचा दाब, फुंकीचा जोर आणि छिद्रे अंशतः झाकणारी बोटे यांच्या साहाय्याने मींड व सूक्ष्म स्वरभेद काढता येतात. त्यामुळेच रागविस्तार या वाद्यावर शक्य होतो.

सूर हे सनईसारखेच दिसणारे वाद्य अखंड आधारस्वर देते. सूरवादक गालांत साठवलेली हवा नळीत सोडत असतानाच नाकाने श्वास घेतो, त्यामुळे स्वर तुटत नाही. हे काम बहुधा शिकाऊ मुलाकडे दिले जाते. त्यातून त्याची फुंक व स्वरज्ञान तयार होते. नगाऱ्याच्या जोडीतील मोठे वाद्य खर्ज, तर लहान वाद्य उंच नाद देते. काही भागांत चौघड्याऐवजी संबळ किंवा हलगीची साथ असते.

इतिहास
अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या नक्कारखान्यातील नगारे, सुरना, कर्णे व झांजा यांची नोंद आहे. अकबर स्वतः नगारा उत्तम वाजवत असे, असेही त्यात म्हटले आहे. मराठेशाहीतही नगारखाना हे राजसत्तेचे चिन्ह होते. रायगडावरील नगारखान्याचा दरवाजा आणि पुण्याच्या शनिवारवाड्यातील दिल्ली दरवाजावरचा नगारखाना आजही उभे आहेत. मंदिरांच्या प्रवेशद्वारावरही अशीच रचना आढळते. देव हा राजा मानला गेल्याने राजोपचारातील वादन देवापुढेही होते.

प्रसंग आणि रचना
काय वाजवायचे हे वेळ व प्रसंगावर ठरते. मंदिरात पहाटे भैरव, तोडी, दुपारी सारंग आणि सायंकाळी पूरिया, यमन यांसारखे राग वाजवले जातात. लग्नात पाहुण्यांच्या स्वागताला संथ आलापी असते, तर मंगलाष्टके संपून अक्षता पडताच लय एकदम चढते. पालखी व मिरवणुकीत अभंग, भजने आणि लोकगीतांच्या चाली येतात. श्रोत्यांच्या फर्माइशीनुसार नाट्यगीते, लावण्या व चित्रपटगीतेही वाजवली जातात. त्रिताल, एकताल यांबरोबर केरवा, दादरा व धुमाळी हे ठेके नगारावादकास अवगत असावे लागतात.

वादक
हे वादन मुख्यतः वंशपरंपरेने चालत आले. गुरव, घडशी, होलार आदी समाजांतील कुटुंबांकडे ते होते व अनेक ठिकाणी ते देवस्थानच्या सेवेशी जोडलेले होते. वाद्य मंगल मानले गेले, तरी जातिव्यवस्थेत वादकांना तेवढा मान मिळाला नाही. विवाहात त्यांची जागा बहुधा मांडवाच्या दाराशी असे.

मैफलीतील स्थान
विसाव्या शतकात सनई रंगमंचावर आली. महाराष्ट्रात पुण्याच्या शंकरराव गायकवाड यांनी, तर उत्तर भारतात बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांनी तिला एकल वाद्य म्हणून प्रतिष्ठा दिली. बिस्मिल्ला खाँ यांना २००१ मध्ये भारतरत्न पुरस्कार मिळाला. मैफलीत नगाऱ्याच्या जागी दुक्कड किंवा तबला आला. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सवाचा आरंभ सनईवादनाने करण्याची प्रथा आहे. मात्र हा मान प्रामुख्याने सनईला मिळाला. चौघडा मंदिर व मांडवापुरताच राहिला.

सद्यस्थिती
अनेक विवाहांत ध्वनिमुद्रित सनई लावली जाते आणि काही मंदिरांत आरतीच्या वेळी विजेवर चालणारे नगारा-घंटा यंत्र वापरले जाते. यंत्राला प्रसंगाची लय ओळखता येत नाही; अक्षता पडण्याचा क्षण पाहून लय चढवणे हे वादकाचेच काम असते. प्रत्यक्ष वादनाच्या संधी घटल्यास सूर धरून शिकण्याची पारंपरिक पायरीही नाहीशी होते. त्यामुळे या कलेपुढील प्रश्न केवळ उपजीविकेचा नसून शिक्षणपरंपरेचाही आहे.