उलट्यांचं कारण कुठल्या कपाटात सापडतं? दक्षिण सातारा, 1956



परवा एका ज्युनिअरचा फोन आला. "ताई, लिटरेचर रिव्ह्यूसाठी सगळे कीवर्ड टाकून बघितले, काहीच मिळालं नाही. या विषयावर काम झालेलंच नाही, असं लिहू का?" मी म्हटलं, थांब, एवढ्यात लिहू नकोस. आणि तिला जी गोष्ट सांगितली तीच आज तुम्हाला सांगते. आपल्याच भागातली आहे आणि पोटाच्या एका दुखण्याबद्दल आहे.

मी खंडाळ्याची. लोणावळ्याजवळचा नव्हे, सातारा जिल्ह्यातला खंडाळा. नीरा नदी आणि खंबाटकी घाट यांच्यामधला हा तालुका पर्जन्यछायेत येतो. इथल्या कोरडवाहू रानाचं खरिपातलं जुनं पीक म्हणजे बाजरी. आमची आजी बाजरी पाखडायला बसली की काही काळपट, लांबट गाठी वेचून बाजूला टाकायची. "असलं पोटात गेलं की गरगरतं," एवढंच तिचं स्पष्टीकरण. लहानपणी मी त्याकडे कधी लक्ष दिलं नाही. पुढे पीएच.डी.च्या वाचनात 1957 सालची एक छोटी नोंद समोर आली तेव्हा आजीचं सूप आठवलं.

आता असं समजा की तुम्ही 1956-57 सालचे तालुक्याचे डॉक्टर आहात. एका वाडीवरची चारपाच माणसं बैलगाडीतून येतात. मळमळ, उलट्या, चक्कर. काहींना सारखी झोप येते. एकदोन दिवसांत माणूस बरा होतो, घरी जातो आणि पुन्हा तेच होतं. तुमच्या मनात पहिली शंका कशाची येईल? विहिरीच्या पाण्याची, शिळ्या अन्नाची, कॉलऱ्याची. घरातली माणसं बाहेरवाशाचं काही आहे का तेही बघून आलेली असतात.

इथे पहिला धडा. पोटाचं दुखणं म्हटलं की आपण फक्त पोटाकडे बघतो. खरं तर तुलना करायला हवी. एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या दोन घरांपैकी एकच घर आजारी पडलं असेल, तर पाण्यावरचा संशय कमी होतो. त्या दोन घरांत वेगळं काय आहे? कणगीतलं धान्य वेगळं आहे का? घरात भाकरी न खाणारं तान्हं मूल आजारी पडलं का? ज्वारीची भाकरी खाणारे कसे आहेत? असे प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही.

या दुखण्याचं उत्तर धान्यातच होतं. 1958 साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस' मध्ये पटेल, बोमन आणि दलाल यांचा लेख आला. मुंबई राज्याच्या दक्षिण भागात रोगट बाजरी खाण्यातून झालेल्या अरगट विषबाधेच्या साथीबद्दलचा तो लेख होता. म्हणजे डॉक्टर पोटातून निघाले आणि भाकरीपर्यंत पोचले.

पण भाकरीत ते आलं कुठून? त्यासाठी दुसऱ्या कपाटापाशी जावं लागतं. 1957 साली 'करंट सायन्स' मध्ये भिडे आणि हेगडे यांनी मुंबई राज्यातल्या बाजरीवरच्या अरगटाची नोंद केली. 1956 च्या हंगामात दक्षिण साताऱ्यात हा रोग साथीसारखा पसरला होता. हे दोघे वनस्पतिरोगांचे अभ्यासक. त्यांच्यापुढे आजारी होतं ते कणीस.

कणसात काय होतं ते थोडक्यात सांगते. बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, परागकण नंतर. मधल्या काळात ढगाळ हवा आणि झिमझिम पाऊस असला की परागकण धुऊन जातात आणि त्या उघड्या जागेवर बुरशीचे बीजाणू शिरतात. परागीभवन वेळेवर झालं तर स्त्रीकेसर सुकतात आणि बुरशीची वाट बंद होते. बुरशी शिरली तर आधी कणसातून मधासारखा चिकट द्रव गळतो, म्हणून शेतकरी या रोगाला 'चिकटा' म्हणतात. पुढे दाण्याच्या जागी कडक, काळपट गाठ तयार होते. मळणीत ती धान्यात मिसळते, जात्यातून पिठात आणि पिठातून भाकरीत जाते. म्हणजे हिवाळ्यात झालेल्या उलट्यांचं कारण श्रावण-भाद्रपदातल्या एखाद्या ढगाळ आठवड्यात असू शकतं.

इथवर सोपं वाटतं. आता खरी अडचण बघा.

अरगट हा शब्द युरोपच्या वैद्यकाला फार जुना. राय नावाच्या धान्यावर येणाऱ्या अरगटाने तिथे मध्ययुगात हजारो माणसं गेली. हातापायाची बोटं काळी पडून झडायची, अंगाची आग व्हायची, झटके यायचे. 1676 साली फ्रान्समध्ये दोदार यांनी त्या आजाराचा संबंध रायच्या भाकरीशी जोडला. 1853 साली तुलान यांनी ती गाठ म्हणजे बिघडलेला दाणा नसून बुरशीच्या जीवनचक्रातला एक टप्पा आहे, हे दाखवलं. पाठ्यपुस्तकांत हेच वर्णन होतं. आता आपल्याकडचे रोगी बघा. बोटं शाबूत, झटके नाहीत, उलट्या होऊन माणूस दोन दिवसांत उठून रानात. पुस्तक प्रमाण मानलं तर म्हणावं लागेल की हे अरगट नव्हेच. आणि कणगीतली बाजरी प्रमाण मानली तर म्हणावं लागेल की हे अरगटच.

दोन्ही पुरावे खरे होते. घोळ नावात होता. अरगट हे एका बुरशीचं नाव नाही, एका घराण्याचं आहे.

हा घोळ सुटायला आणखी तीन कपाटं लागतात. एक रसायनशास्त्राचं. बाझलच्या सँडोझ कंपनीत स्टॉल, हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजरीवरच्या अरगटातल्या अल्कलॉइडांवर 1954 सालीच जर्मन भाषेत लेख लिहिला होता, म्हणजे दक्षिण साताऱ्याच्या साथीच्या दोन वर्षं आधी. हे हॉफमन म्हणजे एलएसडी बनवणारेच. रायच्या अरगटात अर्गोटामीनसारखी रसायनं असतात. त्यांनी रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यामुळे बोटं झडतात. बाजरीच्या अरगटात मुख्यतः अग्रोक्लाविन, एलिमोक्लाविन अशी क्लाविन गटातली रसायनं असतात. त्यांचा परिणाम वेगळा: मळमळ, उलट्या, गुंगी.

दुसरं कपाट पशुवैद्यकाचं. 1959 साली दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, शोन आणि सहकाऱ्यांना दिसलं की अरगट लागलेली 'मुंगा' खाल्लेल्या डुकरिणींना दूधच येत नाही. मुंगा म्हणजे आपली बाजरी. तिसरं कपाट बुरशीशास्त्राचं. 1967 साली लव्हलेस यांनी डुकरिणींच्या याच आजारामागची बुरशी स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आणि तिला क्लॅविसेप्स फ्युजिफॉर्मिस असं नाव दिलं. तोवर आपल्याकडे ती क्लॅविसेप्स मायक्रोसेफाला म्हणून ओळखली जात होती. डुकरिणीचं आटलेलं दूध आणि आपल्याकडच्या माणसाच्या उलट्या एकाच घराण्यात जाऊन मिळाल्या.

आता माझ्या ज्युनिअरच्या प्रश्नाकडे परत येऊ. समजा तुम्ही आज सर्चमध्ये 'सांगली', 'महाराष्ट्र', बाजरीचं आजचं शास्त्रीय नाव 'पेनिसेटम ग्लॉकम' आणि 'क्लॅविसेप्स फ्युजिफॉर्मिस' टाकलं. हे जुने लेख हाती लागणं कठीण आहे, कारण तेव्हा इथे नावं वेगळी होती. सांगली जिल्हा 1949 पासून 1960 पर्यंत 'दक्षिण सातारा' होता आणि माझा खंडाळा 'उत्तर साताऱ्यात'. राज्य मुंबई होतं. बाजरी 'टायफॉइडियम' किंवा 'टायफॉइडिस' होती, आणि आफ्रिकेत मुंगा. काम झालेलं होतं, पाच कपाटांत पाच नावांनी पडलेलं होतं.

तारखांचाही एक उपयोग सांगते. गावात अनेकदा ऐकू येतं, "हे सगळं हायब्रीडमुळे आलं." बाजरीचा पहिला संकरित वाण एच.बी.-1 आला 1965 साली. दक्षिण साताऱ्यातली साथ 1956 ची. पुढे संकरित वाणांवर अरगट जास्त पडला हे खरं, पण 1956 चा दोष त्यांच्यावर घालता येत नाही. ऐकलेलं कारण लिहिण्याआधी त्याची तारीख तपासा.

हे सगळं कशासाठी, असं कोणी विचारेल. माणसं तर दोन दिवसांत बरी होत होती. पण कणगीत वर्षाचं धान्य असलेल्या कोरडवाहू घराला "बाजरी टाकून द्या" म्हणणं म्हणजे उपाशी राहा म्हणणं. आणि कारण कळलं नाही तर ते घर तीच भाकरी खात राहणार. साखळीतला प्रत्येक दुवा कळला म्हणूनच मधला मार्ग निघाला. अरगटाच्या गाठी दाण्यापेक्षा हलक्या असतात. 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी टाकली की गाठी वर तरंगतात आणि चांगला दाणा तळाशी बसतो. तरंगलेलं काढून टाकायचं, बाजरी स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुवायची आणि वाळवायची. पेरणीच्या बियाण्याला कृषी विभाग हीच प्रक्रिया सांगतो आणि खाण्याच्या बाजरीलाही ती चालते. 1975 साली राजस्थानात पुन्हा अशी विषबाधा झाली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या कृष्णमाचारी आणि भट यांनी तिचा अभ्यास केला. आज अन्नसुरक्षेच्या नियमांत बाजरीत अरगटाचं प्रमाण वजनाने 0.05 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे किलोला अर्धा ग्रॅम.

तेव्हा "काहीच काम झालेलं नाही" हे वाक्य लिहिण्याआधी एक कोरा कागद घ्या. विषयातल्या प्रत्येक गोष्टीचं जुनं नाव, शास्त्रीय नाव, बोलीतलं नाव आणि दुसऱ्या देशातलं नाव लिहा. जिल्ह्याचं आणि राज्याचं जुनं नाव लिहा. मग विचारा: हीच गोष्ट डॉक्टर कुठे लिहील, शेतीवाला कुठे, रसायनवाला कुठे, जनावरांचा डॉक्टर कुठे? एवढं करून नाही सापडलं तर मात्र बिनधास्त लिहा.

आणि घरी कोणी धान्य पाखडत बसलं असेल तर बाजूला काय टाकतात आणि का, तेही विचारा. आमच्या आजीला क्लाविनचं नाव माहीत नव्हतं, पण काय वेचायचं ते माहीत होतं. ते विचारायला मला उशीर झाला.