कॅचरची बोटं, विनू मांकड आणि आपली पोरं

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

माझी भाची सॉफ्टबॉल खेळते. शाळेच्या संघात, १४ वर्षांखालच्या गटात. कॅचर आहे. आपल्या इंद्रलोकमध्ये 'सॉफ्टबॉल' म्हटलं की लोक टेनिस बॉलचं बॉक्स क्रिकेट समजतात, म्हणून दोन ओळी सांगतो. बेसबॉलचा हा धाकटा भाऊ. बॉल मोठा, मैदान लहान, आणि पिचर बॉल खांद्यावरून न फेकता कमरेखालून फेकतो. कॅचर बॅटरच्या मागे उकिडवी बसते आणि मांड्यांच्या मधे बोटं दाखवून पिचरला सांगते, पुढचा बॉल कुठला टाकायचा. एक बोट म्हणजे वेगात, दोन म्हणजे हळू, असं काहीतरी. बॅटरला ती बोटं दिसत नाहीत. पण दुसऱ्या बेसवर समोरच्या संघाची रनर उभी असेल, तर तिला सरळ दिसतात.

मागच्या महिन्यातल्या एका मॅचमध्ये नेमकं तेच झालं. दुसऱ्या बेसवरची मुलगी दर बॉलच्या आधी कधी हेल्मेटला हात लावायची, कधी कमरेला. तिसऱ्या इनिंगमध्ये भाचीच्या लक्षात आलं की हेल्मेट म्हणजे हळू, कंबर म्हणजे जोरात. तिने पंचांना सांगितलं. पंच म्हणाले, बघू नको असं मी तिला कसं सांगू? समोरचे कोच हसले. आपले पालक 'चीटिंग, चीटिंग' म्हणून ओरडले. मॅच हरलो.

इथवर ठीक. पण त्याच रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, दुपारी सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं: "पुढच्या मॅचला आपणही हेच करू. कोचना सांगा." पंधरा अंगठे आले. आणि भाचीने मला विचारलं, "मामा, मी बोटं दाखवते तर ती बघणारच ना? मग चूक कोणाची?"

उत्तर सुचलं नाही. म्हणून जुनं वाचत बसलो.

खुणा चोरण्याचा धंदा बेसबॉलइतकाच जुना आहे. १९०० साली फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाने आपला एक राखीव कॅचर मैदानाच्या टोकाला, क्लबहाऊसमध्ये दुर्बीण देऊन बसवला होता. तिथून एक वायर जमिनीखालून तिसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या त्यांच्या कोचच्या पायाखालपर्यंत. खूण कळली की पायाखाली बझर थरथरायचा, कोच बॅटरला ओरडून सांगायचा. सप्टेंबरमध्ये सिनसिनाटीच्या टॉमी कॉर्कोरनला संशय आला, त्याने बुटाच्या खिळ्यांनी माती उकरली आणि खालून पेटी निघाली! १२५ वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या भाईंदरला वीज यायच्या कितीतरी आधी, तिकडे विजेवर लबाडी चालू होती.

१९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी दुर्बिणीऐवजी टेलिस्कोप आणला. बॉबी थॉमसनने ३ ऑक्टोबरला शेवटच्या क्षणी मारलेला होमरन हा अमेरिकन खेळातला सर्वात गाजलेला फटका. तो मोसम टेलिस्कोपवर चालला होता हे सविस्तर छापून आलं थेट २००१ साली. तो बॉल टाकणारा राल्फ ब्रांका. त्याला ही कुणकुण तीनेक वर्षांतच लागली होती, पण तो अर्धं शतक जाहीरपणे गप्प राहिला. हरल्यावर रडगाणं गातोय असं कुणी म्हणू नये म्हणून. थॉमसन शेवटपर्यंत म्हणाला की त्या बॉलला मला खूण मिळाली नव्हती. दोघांची पुढे दोस्तीही झाली. मला या सगळ्या प्रकरणात ब्रांकाच आवडला, पण ते जाऊ दे.

ताजं प्रकरण ह्यूस्टन ॲस्ट्रोजचं. २०१७ मध्ये ते वर्ल्ड सिरीज जिंकले. कॅमेऱ्यावर कॅचरची बोटं बघायची आणि खेळाडूंच्या बसायच्या जागेमागे कचऱ्याच्या डब्यावर बॅट आपटून बॅटरला कळवायचं. होय, कचऱ्याचा डबा. जानेवारी २०२० मध्ये शिक्षा झाली: ५० लाख डॉलर दंड, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभर बाहेर, आणि संघमालकाने दोघांनाही लगेच काढून टाकलं. खेळाडूंपैकी एकालाही शिक्षा नाही. त्यांनी चौकशीत खरं बोलावं म्हणून त्यांना आधीच अभय दिलं होतं. जेतेपदही कायम राहिलं.

यातली एक गोष्ट आपल्या कामाची. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये दुसऱ्या बेसवरच्या रनरने स्वतःच्या डोळ्यांनी खूण वाचली तर तो गुन्हा नाही, कौशल्य समजतात. कॅमेरा, वायर, टेलिस्कोप आला की गुन्हा. पण लहान मुलांच्या 'लिटल लीग'ने आपल्या स्पर्धांसाठी वेगळा नियम केला: खुणा चोरून बॅटरला कळवणं हेच मुळात अखिलाडूपणाचं, आणि पंचांची खात्री झाली तर तो मुलगा आणि त्याचा मॅनेजर दोघंही मैदानाबाहेर. म्हणजे बारा वर्षांच्या पोराने कमरेला हात लावला तर तो त्याला कोणीतरी मोठ्याने शिकवला असणार, हे त्यांनी नियमातच गृहीत धरलंय. ॲस्ट्रोज प्रकरणानंतर तिकडच्या काही स्थानिक मंडळांनी पोरांच्या संघांना ॲस्ट्रोज हे नाव देणंही बंद केलं.

आता आपल्याकडे येऊ. सॉफ्टबॉलमधलाच एक नियम आपल्याला थेट क्रिकेटमध्ये घेऊन जातो. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचा नाही. सोडला तर आऊट. कोणी पंचांशी वाद घालत नाही, कोणी 'खेळभावना' काढत नाही. क्रिकेटमध्ये मात्र याच गोष्टीसाठी आपल्या एका माणसाचं नाव पाऊणशे वर्षं शिवी म्हणून वापरलं गेलं.

विनू मांकड. जन्म जामनगरचा, पण मुंबईकडूनही खेळला. १९४७-४८ चा दौरा, लाला अमरनाथ कप्तान, स्वतंत्र भारताचा पहिला परदेश दौरा. नोव्हेंबरमध्ये सिडनीतच ऑस्ट्रेलियन इलेव्हनविरुद्धच्या मॅचमध्ये बिल ब्राऊन बॉल पडायच्या आधीच क्रीझ सोडून पुढे सरकत होता. मांकडने त्याला आधी ताकीद दिली. तो पुन्हा गेला तेव्हा बेल्स उडवल्या. मग १३ डिसेंबरला सिडनीच्याच कसोटीत ब्राऊन पुन्हा पुढे, मांकडने पुन्हा बेल्स उडवल्या. ब्राऊन १८ वर रनआऊट. नियमात चोख बसणारी गोष्ट. तरी तिकडच्या काही वर्तमानपत्रांनी झोड उठवली आणि इंग्रजीत 'मांकडिंग' हा शब्द रूढ झाला. गंमत अशी की समोरच्या संघाचा कप्तान डॉन ब्रॅडमन आपल्या आत्मचरित्रात मांकडच्या बाजूने उभा राहिला: रनरने पुढे जाऊ नये म्हणूनच तर नियम आहे, मग बोलरला दोष का? खुद्द ब्राऊननेही मांकडला दोष दिला नाही. आणि त्याच दौऱ्यात मांकडने मेलबर्नला दोन कसोटी शतकं ठोकली, ती कोणाच्या लक्षात नाहीत.

सुनील गावसकर गेली काही वर्षं जाहीरपणे सांगतायत की भारताच्या एका थोर खेळाडूचं नाव अशा अर्थाने वापरणं बंद करा, नाव द्यायचंच तर ब्राऊनचं द्या. शेवटी २०२२ मध्ये एमसीसीने हा नियम 'अनफेअर प्ले'च्या कलमातून उचलून साध्या 'रनआऊट'च्या कलमात टाकला. ७५ वर्षं लागली. त्याच सप्टेंबरात लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला असंच बाद केलं आणि तिलाही खेळभावनेचे धडे ऐकावे लागले.

आणि हे फक्त मोठ्यांचं नाही. फेब्रुवारी २०१६, बांगलादेश, १९ वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप. शेवटच्या षटकात झिम्बाब्वेला ३ धावा हव्या, शेवटची जोडी. वेस्ट इंडीजचा कीमो पॉल धावत आला आणि बॉल न टाकता नॉन-स्ट्रायकरच्या बेल्स उडवल्या. वेस्ट इंडीज २ धावांनी जिंकले, पुढे गेले, आणि फायनलमध्ये त्यांनी आपल्यालाच हरवलं. आपल्याकडून त्या दिवशी मुंबईच्या सर्फराज खानने ५१ काढले होते. त्यांच्या विजयी जोडीत नाबाद होता, कोण? तोच कीमो पॉल, ४० वर. जगभरच्या दिग्गजांनी त्या सतरा वर्षांच्या पोराला झोडपलं. नियम लिहिणारे सगळे मोठे, पण बोलणी खाल्ली पोराने.

आता दुसरी बाजू. चर्चगेटला उतरून वानखेडेकडे चालत जा. तिथे एका रस्त्याला विनू मांकडचंच नाव आहे. त्याच वानखेडेवर फेब्रुवारी १९८० मध्ये सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. (१६ तारखेला सूर्यग्रहण म्हणून विश्रांतीचा दिवस त्या दिवशी घेतला होता. आमचे आबा सांगायचे, मुंबईचे रस्ते ओस पडले होते.) भारताच्या २४२ ला उत्तर देताना इंग्लंड ५ बाद ५८. मग इयन बोथम आणि विकेटकीपर बॉब टेलर जमले. कपिलच्या बॉलवर टेलर मागे झेलबाद, पंचांनी बोट वर केलं. टेलर चकित होऊन उभा, बॅटला बॉल लागलाच नाही म्हणतो. कप्तान गुंडप्पा विश्वनाथने पंचांकडे जाऊन अपील मागे घेतलं. टेलर परत खेळायला आला. जोडी १७१ ची झाली, बोथमचं शतक झालं, वर त्याने मॅचमध्ये १३ विकेट्स काढल्या आणि आपण १० गड्यांनी हरलो.

विश्वनाथला त्या दिवशी कोणी नियम दाखवला असता तर पंचांनी दिलेलं आऊट म्हणजे आऊट. मांकडला कोणी भावना दाखवली तर त्याने नियम दाखवला असता. तरी मला दोघंही एकाच बाजूला उभे दिसतात. दोघांनी जे केलं ते मैदानाच्या मधोमध, सगळ्यांसमोर केलं. मांकडने तर आधी बजावलंही होतं. वायर पुरणारे, टेलिस्कोप लावणारे, डबा बडवणारे यांचं मुख्य काम लपवण्याचं होतं.

मग हेल्मेटला हात लावणारी ती मुलगी कुठे बसते? माझं मत विचाराल तर, तिने बघितलं यात काहीच चूक नाही. डोळे आहेत, बघणारच. पण तिच्या हाताची भाषा तिने स्वतः बनवली नव्हती, संघाने आधी बसून ठरवली होती. तो भाग मला खटकतो, आणि त्याचा हिशोब तिच्याकडे मागू नये. तुमचं मत वेगळं असेल तर खाली लिहा, फक्त मुलीला शिव्या नकोत.

हे मी एवढं लांबवतोय कारण आपल्याकडे शालेय खेळात नुसती ढाल-पदकं नसतात. जिल्हा, विभाग, राज्य असं वर गेलं की दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. चांगली योजना आहे. पण त्याच योजनेपायी महाराष्ट्रात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाली, कधी मैदानावर न उतरलेल्यांच्या नावावर पदकं निघाली. वय चोरण्याचं तर विचारू नका. राहुल द्रविडने २०१५ च्या पतौडी व्याख्यानात सांगितलं होतं की मुलाचं वय खोटं लिहिलं की खऱ्या वयाच्या एका मुलाची जागा जाते, आणि खोटं लिहिलेल्या मुलाला मोठ्यांनी पहिला धडा फसवणुकीचा दिलेला असतो. तो दाखला पोरगं स्वतः काढून आणत नाही. नगरपालिकेच्या रांगेत आपण उभे असतो.

आणि बीसीसीआयच्या १९ वर्षांखालच्या मुलांच्या एकदिवसीय स्पर्धेचं नाव काय, माहितीये? विनू मांकड ट्रॉफी. जे नाव तिकडे लबाडीचं म्हणून चिकटवलं, ते आपण पोरांच्या ट्रॉफीवर कोरलं.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की कोचना असलं काही शिकवायला सांगायचं असेल तर माझ्या भाचीला संघातून वगळा, ताईचीही हरकत नाही. तीन जणांनी अंगठा दिला, एकाने ग्रुप सोडला, ते गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. लिफ्टमध्ये भेट झाली की मोबाईल बघतात.

भाचीने मात्र माझी वाट बघितली नाही. तिने आणि पिचरने मिळून खुणा बदलल्या. आता ती एकामागून एक चार वेळा बोटं दाखवते, त्यातली एकच खूण खरी असते, आणि ती कितवी ते किती आऊट झालेत त्यावर ठरतं. म्हणजे असं काहीतरी. मी नीट विचारलं तर म्हणाली, "मामा, तुला कशाला हवंय?"

येत्या रविवारी मॅच आहे. सकाळी साडेसातला.