डांबराचे वय कसे मोजावे?

बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजी हे गाव मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर (पूर्वीचा क्रमांक ६) वसले आहे. याच महामार्गाच्या अमरावती–अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालण्यात आला व त्याची गिनेस बुकात नोंद झाली. थर किती वेळात घातला हे घड्याळ सांगते. तो किती वर्षे टिकेल हे मात्र आधी कसे कळावे?

रस्त्यावरचे डांबर म्हणजे बिटुमेन. (खरे डांबर दगडी कोळशापासून मिळते, पण आपण रूढ शब्दच वापरू.) हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते कडक व ठिसूळ बनते, मग भेगा पडतात, खडी सुटते. गंमत म्हणजे हे म्हातारपण पहिल्याच दिवशी झपाट्याने येते. मिश्रण तयार करताना तापलेल्या खडीवर डांबराचा अतिशय पातळ थर पसरतो आणि त्याला हवा सर्व बाजूंनी मिळते. जवसाचे तेल काचेवर पातळ पसरून ठेवा व थोडे अरुंद बाटलीत ठेवा. काही दिवसांत काचेवरचे तेल सुकून पापुद्रा होईल, बाटलीतले बहुतांशी पातळच राहील. वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील जाणकार डांबर चक्क चावून त्याचा कठीणपणा ठरवीत! १८८८ च्या सुमारास बोवेन यांनी सुई रुतवून कठीणपणा मोजण्याचे यंत्र केले. पण त्यातून कळे ते आजचे, उद्याचे नव्हे. १९४० मध्ये लुईस व वेलबॉर्न यांनी ताटलीत सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे डांबर १६३ अंश सेल्सिअसला पाच तास तापविले. येथे वर साय धरे आणि खालचे डांबर सुरक्षित राही. म्हणून १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील हवीम, झुबे व स्कॉग यांनी फिरत्या बाटल्या वापरल्या. बाटली फिरली की नवा पृष्ठभाग हवेला लागतो. आपल्याकडे २००६ पासून डांबराची प्रतवारी ६० अंशांवरील श्यानतेने होते. वऱ्हाडातल्या मे महिन्यात काळा रस्ता एवढा सहज तापतो. बाटलीतून निघाल्यावर श्यानता चौपटीहून अधिक वाढता कामा नये, असा दंडक आहे.

१९९० च्या दशकात युरोपात कोमट मिश्रण आले. फेस, मेण किंवा रसायन वापरून ते सुमारे ३० अंश कमी तापमानाला तयार करतात. इंधन वाचते, धूर कमी होतो. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पण १६३ अंश हा आकडा गरम मिश्रणाच्या कारखान्यावरून आलेला! कोमट डांबर त्या बाटलीत घातले, तर प्रत्यक्षात ते जेवढे म्हातारे होत नाही तेवढे आपण त्याला करतो. म्हणजे परीक्षा कडक झाली असे मात्र नव्हे. कमी कडक झालेल्या डांबराचा दोष निराळाच असतो: सुरुवातीच्या उन्हाळ्यांत जड वाहनांखाली चाकोऱ्या पडण्याचा धोका, आणि तो या बाटलीत दिसत नाही. शिवाय कमी आचेवर खडी नीट सुकली नाही, तर पाणी डांबराखाली शिरते. त्यासाठी नमुने भिजवून फोडतात. कोरड्या नमुन्याच्या ताकदीपैकी साधारण ८० टक्के शिल्लक राहावी, अशी अपेक्षा असते.

म्हणून कोमट मिश्रणाची चाचणी घेणारे ते कमी आचेवरही जुने करून पाहतात आणि काही वर्षांनी रस्त्यातूनच गोल नमुने कापून काढतात. त्या नमुन्यांतले डांबर वेगळे करून, ते बाटलीतल्या डांबराशी ताडून पाहतात.