आघात आणि आज्ञा : स्पॅनिश ‘कोंतार’ या क्रियापदाच्या रूपांचा इतिहास

प्रस्तावना

स्पॅनिश भाषेच्या प्रारंभिक वर्गात काही क्रियापदे ‘अनियमित’ या शिक्क्यासह विद्यार्थ्याच्या हाती दिली जातात. ‘कोंतार’ म्हणजे सांगणे किंवा मोजणे. ‘मी सांगतो’ यासाठी ‘क्वेंतो’, परंतु ‘आम्ही सांगतो’ यासाठी ‘कोंतामोस’. धातूतील ‘ओ’ काही रूपांत फुटून ‘वे’ होतो, काही रूपांत तसाच राहतो. इंग्रजी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकांत बदलणाऱ्या रूपांभोवती रेघ ओढली की बुटाचा आकार तयार होतो, म्हणून त्यांना ‘बुटाची क्रियापदे’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. विद्यार्थी बूट लक्षात ठेवतो आणि वर्तमानकाळ निभावून नेतो. पुढे आज्ञार्थ आणि सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा, शंका, विनंती दर्शविणारा अर्थ, समोर आले की तेच चित्र त्याला अडवते. ‘क्वेंता’, ‘क्वेंते’, ‘कोंतेमोस’, ‘कोंताद’ अशी रूपे बुटात नेमकी कोठे बसवायची हे त्याला कळत नाही. प्रस्तुत लेखात या रूपांमागील इतिहास तपासला आहे. तो वर्गात सांगितला गेल्यास ‘अनियमित’ या शब्दाची गरज बरीच कमी होईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लॅटिन आघाताचा ठसा

‘कोंतार’चे मूळ लॅटिन ‘कोम्पुतारे’ या क्रियापदात आहे. लॅटिनमध्ये शब्दाच्या कोणत्या अक्षरावर आघात पडावा हे उपान्त्य अक्षराच्या ऱ्हस्वदीर्घत्वावर अवलंबून असे. ‘कोम्पुता’ (तू मोज) आणि ‘कोम्पुतेम’ (मी मोजावे) यांत आघात पहिल्या अक्षरावर, म्हणजे धातूवर होता. ‘कोम्पुतेमुस’ (आपण मोजावे) आणि ‘कोम्पुताते’ (तुम्ही मोजा) यांत तो सरकून प्रत्ययावर गेला. पुढे कॅस्टिलियन बोलीत लॅटिनचा ऱ्हस्व ‘ओ’ आघाताखाली फुटला आणि ‘वे’ झाला. ऱ्हस्व ‘ए’ फुटून ‘ये’ झाला. ‘पोर्ता’चे ‘प्वेर्ता’ म्हणजे दार आणि ‘तेर्रा’चे ‘त्येर्रा’ म्हणजे जमीन झाले, ते याच नियमाने. आघात नव्हता तेथे स्वर शाबूत राहिला. म्हणून आज ‘क्वेंता’ आणि ‘क्वेंते’, परंतु ‘कोंतेमोस’ आणि ‘कोंताद’. गोव्यात 1510 ते 1961 सत्ता चालविणाऱ्यांच्या पोर्तुगीज भाषेत हा फुटवा घडला नाही. तेथे दार ‘पोर्ता’च राहिले.

संस्कृतच्या अध्यापकांना येथे ‘एमि’ आणि ‘इमः’ ही जोडी आठवेल. ‘इ’ धातूला गुण होतो तो आघात धातूवर असताना, आणि आघात प्रत्ययावर गेला की धातू क्षीण राहतो. साम्य लक्षणीय आहे, परंतु तो वारसा समजू नये. स्पॅनिशमधील बदल लॅटिनोत्तर काळातील, स्वतंत्रपणे घडलेला आहे.

‘ईर’ प्रत्ययाच्या क्रियापदांत मात्र आणखी एक गुंतागुंत आहे. ‘दोर्मीर’ म्हणजे झोपणे. याचे ‘द्वेर्मा’ (त्याने झोपावे) नियमाप्रमाणेच दिसते, परंतु ‘आपण झोपावे’ यासाठी ‘दोर्मामोस’ न होता ‘दुर्मामोस’ होते. लॅटिन ‘दोर्मिआमुस’मधील ‘इ’ पुढे ‘य’सारखी उच्चारली जाऊ लागली आणि तिने मागील ‘ओ’ला ‘उ’पर्यंत ओढले; नंतर तो ‘य’ लोप पावला. ‘झोपा’ या आज्ञेत, ‘दोर्मीद’मध्ये, ‘ओ’ कायम आहे, कारण पुढील अक्षरात आघातयुक्त ‘ई’ उभी आहे.

बोलणाऱ्यांनी ही विषमता सर्वत्र सहन केली असे नाही. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ‘लेवार’ (नेणे) याचे आघातयुक्त रूप ‘ल्येवा’ होते. त्यातील ‘ल्य’ पुढे सर्व रूपांत पसरला आणि आज मूळ क्रियापदच ‘ल्येवार’ झाले आहे. ‘कोंतार’च्या बाबतीत असे सपाटीकरण झाले नाही.

आज्ञा कोणाला?

येथवरचा इतिहास ध्वनींचा आहे. परंतु आज्ञार्थात कोणते रूप ओठांवर येईल हे समोरची व्यक्ती कोण यावरही ठरते. आंतोनियो दे नेब्रिहा यांचे कॅस्टिलियन व्याकरण 1492 मध्ये सालामांका येथे छापले गेले आणि राणी इसाबेलला अर्पण झाले. त्याचा पाचवा भाग परभाषकांसाठी आहे, आणि प्रस्तावनेत भाषा व साम्राज्य यांची सांगड घातलेली आहे. त्या काळी एका व्यक्तीला ‘तू’ किंवा ‘बोस’ म्हणत. (स्पॅनिश ‘तू’ आणि आपला ‘तू’ यांचे मूळ एकच, हा योगायोग नव्हे.) पूर्वी आदरार्थी असलेला ‘बोस’ सोळाव्या शतकात स्वस्त झाला आणि आदरासाठी ‘ब्वेस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, हे संबोधन रूढ झाले. त्यातूनच ‘उस्तेद’ निर्माण झाला. ‘कृपा’ हा तृतीय पुरुष, त्यामुळे आदरणीय व्यक्तीला थेट आज्ञा करणे शक्य राहिले नाही. सबजंक्टिव्हचे ‘क्वेंते’ वापरावे लागले. मराठीतील ‘आपण सांगावे’ हा विध्यर्थ याहून फारसा निराळा नाही. नकाराच्या बाबतीतही स्पॅनिश आज्ञार्थ माघार घेतो: ‘क्वेंता’ म्हणजे सांग, परंतु सांगू नकोस म्हणजे ‘नो क्वेंतेस’, तेही सबजंक्टिव्हच. आपणही ‘सांग’ या रूपाला सरळ नकार जोडत नाही, ‘नको’ची मदत घेतो.

अमेरिका खंडात या इतिहासाला वेगळे वळण मिळाले. मेक्सिको आणि लिमा या व्हाइसरॉयच्या राजधान्यांनी स्पेनच्या दरबाराप्रमाणे ‘तू’ स्वीकारला. ला प्लाता नदीचा प्रदेश, मध्य अमेरिका अशा दूरच्या भागांत ‘बोस’ टिकला. त्याची आज्ञा ‘कोंताद’चीच संतान; शेवटचा ‘द’ गळून ‘कोंता’ झाली, आणि आघात ‘ता’वर राहिला. परिणामी ब्यूनोस आयरेसमध्ये मित्राला ‘क्वेंता’ म्हणत नाहीत, ‘कोंता’ म्हणतात. धातूचा स्वर अखंड आहे, कारण आघात त्याच्यावर कधी आलाच नाही. तोच मित्र सांगू नये असे वाटले तर तेथे बहुधा ‘नो क्वेंतेस’ ऐकू येते, तर निकाराग्वात ‘नो कोंतेस’.

काराकास येथे 1781 मध्ये जन्मलेल्या आंद्रेस बेल्यो यांना हा ‘बोस’ अशिष्ट वाटे. 1830 च्या दशकात चिलीतील वृत्तपत्रलेखनातून त्यांनी त्याविरुद्ध इशारे दिले. त्याच बेल्योंनी 1847 मध्ये सान्तियागो येथे प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात अनियमित रूपांची कुटुंबे पाडली आणि वर्तमानकाळ, सबजंक्टिव्ह व एकवचनी आज्ञा यांतील आघातयुक्त रूपे एका कुटुंबात ठेवली. पाठ्यपुस्तकातील बुटापेक्षा ही मांडणी आजही वर्गात अधिक उपयोगी पडते. मात्र ‘कोंता’ हे रूपही त्याच आघाताच्या नियमाचे अपत्य असताना त्याला या कुटुंबात प्रतिष्ठा मिळाली नाही. अर्जेंटिनाच्या भाषा अकादमीने ‘बोस’ला मान्यता दिली ती 1982 मध्ये.