कुंपण नसलेलं रेसकोर्स



घोड्यांच्या शर्यती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचं महालक्ष्मी येतं, नाहीतर पुण्याचं रेसकोर्स. कोलकात्यात किंवा हैदराबादेत वाढलेल्या मराठी माणसाला तिथलं रेसकोर्स आठवेल. चित्र सगळीकडे साधारण सारखंच असतं. शहराच्या मधोमध एक हिरवी जागा, भोवती भिंत आणि फाटकावर तिकीट.

आज मी तुम्हाला नेणार आहे ते रेसकोर्स वेगळं आहे. ते आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यात, डब्लिनपासून नैऋत्येला सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. जागेचं नाव लिहिताना 'करघ' असं दिसतं, पण तिथली माणसं ते 'कर्रा' म्हणतात. आपणही तसंच म्हणू. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून गाडी पकडून किल्डेअर गावी उतरायचं, की माळ जवळच.

माळ म्हणजे किती? साधारण पाच हजार एकर. तिथे पहिल्यांदा नजरेला पडतात त्या मेंढ्या. त्यांच्या पाठीवर मालकांच्या खुणेचे रंग फासलेले असतात. माळाला कुंपण नाही, त्यामुळे मेंढ्या खुशाल रस्ता ओलांडतात आणि मोटारी थांबतात. जागोजागी पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं आहेत. सकाळी लवकर गेलात तर शर्यतीचे घोडे एकामागे एक रांगेने सरावाला निघालेले दिसतात. याच माळाच्या एका भागात शर्यतीचं मैदान आहे, उजव्या हाताने वळणारं, घोड्याच्या नालासारखं. २०१९ मध्ये तिथे नवीन भव्य स्टँड उभा राहिला. आणि थोड्याच अंतरावर लष्करी छावणी आहे.

घोडा आणि फौज एकाच माळावर का आले, याचं उत्तर जमिनीत आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी इथे वाळू आणि खडी आणून टाकली. आयर्लंडमध्ये पावसाला खंड नसतो, पण इथे पाणी साचून राहत नाही, झिरपून जातं. वर मेंढ्या चरून चरून गवत खुरटं ठेवतात. पायाखाली जमीन घट्ट, तरी लवचिक. घोडा दौडवायला अशी जमीन हवी, आणि हजारो माणसांची कवायत घ्यायलाही अशीच हवी. आपल्याकडेही छावणी आणि रेसकोर्स शेजारी शेजारी दिसतात. पुण्याचं रेसकोर्स लष्कराच्याच जमिनीवर आहे. इंग्रजांनी ही जोडी जिथे जिथे नेली, तिथे तिथे ती रुजली.

कर्रा हा शब्दच मुळी आयरिश भाषेतल्या घोडदौडीच्या जागेच्या नावावरून आला, असं मानतात. इथल्या शर्यतीची पहिली लेखी नोंद १७२७ ची सापडते. १८६६ मध्ये आयरिश डर्बी सुरू झाली. आज आयर्लंडमधल्या पाचही 'क्लासिक' शर्यती इथेच होतात. या भागाशी आपल्या ओळखीचं एक नावही जोडलेलं आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला, त्या तिसऱ्या आगाखानांनी आयर्लंडमध्ये घोड्यांची पैदास केली. त्यांचा बहराम हा घोडा १९३५ मध्ये इंग्लंडच्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकला आणि आयुष्यात एकदाही हरला नाही.

पण मला तुम्हाला फक्त शर्यतींची गोष्ट सांगायची नाही. या माळाला कुंपण नाही, हे मघाशी सांगितलं. ज्या जागेला कुंपण नसतं, तिथे सगळा व्यवहार शब्दावर चालतो. कर्राचा इतिहास म्हणजे दिलेल्या शब्दाचा आणि दिलेल्या हुकमाचा इतिहास आहे. तीस-पस्तीस वर्षं गणवेश घातलेल्या माणसाला तो तसाच दिसणार.

सुरुवात दंतकथेपासूनच होते. संत ब्रिजिडने लेन्स्टरच्या राजाकडे मठासाठी जमीन मागितली. राजा म्हणाला, तुझ्या अंगावरच्या झग्याखाली मावेल तेवढी घे. तिने झगा पसरला आणि तो पसरतच गेला, अख्खा माळ झाकेपर्यंत. आपल्या वामनाच्या तीन पावलांची आठवण होते, नाही का? बळीप्रमाणे हा राजाही शब्दाला जागला. म्हणून हे गायरान सगळ्यांचं, असं लोक मानत आले. पुढे १८६८ मध्ये चराईचे आणि लष्कराचे हक्क ठरवायला ब्रिटिश संसदेला कायदा करावा लागला.

दंतकथेतला शब्द पाळला गेला. इतिहासातला नाही. १७९८ मध्ये आयर्लंडमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. किल्डेअरच्या बंडखोरांशी जनरल डंडास यांनी बोलणी केली. शस्त्रं ठेवा आणि घरी जा, असं ठरलं. पहिल्या तुकडीने तशी शस्त्रं ठेवली आणि ती सुखरूप गेली. २९ मे रोजी दुसरा जमाव कर्रावर गिबेट रॅथ नावाच्या जुन्या मातीच्या गढीपाशी शरण यायला जमला. तेवढ्यात लिमरिककडून जनरल डफ यांची फौज आली. कुठूनतरी एक गोळी सुटली, आणि घोडदळ शरण आलेल्या माणसांवर तुटून पडलं. साडेतीनशेच्या आसपास माणसं मारली गेली. उघड्या माळावर पळणाऱ्या माणसाला आडोसा नसतो. घोडा दौडवायला उत्तम असलेली जमीन त्या दिवशी माणसांचा पाठलाग करायलाही उत्तम ठरली.

छावणी आली १८५५ मध्ये, क्रिमियाच्या युद्धासाठी. दहा हजार शिपाई राहतील अशी ती आखली होती. आता मार्च १९१४ मध्ये या.

ब्रिटिश सरकार आयर्लंडला 'होमरूल', म्हणजे मर्यादित स्वराज्य द्यायला निघालं होतं. उत्तरेच्या अल्स्टर प्रांतातल्या प्रोटेस्टंटांचा त्याला कडवा विरोध होता, आणि त्यांनी स्वतःची सशस्त्र स्वयंसेवक सेना उभी केली होती. अल्स्टरमधल्या शस्त्रागारांच्या रक्षणासाठी फौज हलवायची वेळ आली. आयर्लंडमधले सरसेनापती सर आर्थर पॅजेट यांनी २० मार्चला एक विचित्र गोष्ट केली. हुकूम देण्याऐवजी त्यांनी अधिकाऱ्यांसमोर पर्याय ठेवले. ज्यांचं घर अल्स्टरमध्ये आहे त्यांनी काही दिवस बाजूला राहावं. बाकीच्यांनी कामगिरीवर जायला तयार व्हावं, नाहीतर बडतर्फी पत्करावी. कर्राच्या छावणीतल्या तिसऱ्या कॅव्हलरी ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल ह्यूबर्ट गॉफ आणि त्यांच्यासोबत पन्नासहून अधिक अधिकारी म्हणाले, आम्हाला बडतर्फी मान्य आहे.

फौजेत राहिलेल्या कुणालाही विचारा, हुकूम आणि प्रश्न यांत काय फरक असतो. हुकूम मोडणं हा गुन्हा आहे. प्रश्नाला 'नाही' म्हणणं हा गुन्हा नाही. म्हणून कायद्याच्या भाषेत हे बंड नव्हतं. पण परिणाम बंडाचाच झाला. गॉफ यांना लंडनला बोलावलं गेलं. बडतर्फी राहिली बाजूला, उलट तुम्हाला अल्स्टरवर होमरूल लादायला पाठवणार नाही, असा लेखी कागद घेऊन ते परतले. पंतप्रधान अॅस्क्विथ यांनी नंतर तो कागद नाकारला, युद्धमंत्री सीली आणि लष्करप्रमुख सर जॉन फ्रेंच यांनी राजीनामे दिले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं, तेव्हा फ्रेंच ब्रिटिश फौजेचे सेनापती होऊन फ्रान्सला गेले, आणि गॉफही पुढे बढत्या घेत एका आर्मीचे सेनापती झाले.

या गॉफ घराण्याचं नाव आपल्या इतिहासातही आहे. ह्यूबर्टचे वडील आणि काका, दोघांनाही १८५७ च्या युद्धातल्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. ज्यांनी हुकूम मोडला त्या आपल्या शिपायांशी लढताना.

आता सहा वर्षं पुढे या, आणि जागा बदलून थेट पंजाबात. २८ जून १९२० रोजी जालंधरच्या बराकीत कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीच्या शिपायांनी काम करायला नकार दिला. त्यांच्या गावांत ब्रिटिश सशस्त्र दलं अत्याचार करत होती, आणि ते इथे त्याच राजाच्या गणवेशात उभे होते. हे लोण सोलनच्या तुकडीपर्यंत पोहोचलं. तिथे शिपाई जेम्स डॅली यांच्या नेतृत्वाखाली काही जण रात्री शस्त्रागारावर चालून गेले, आणि पहाऱ्याच्या गोळीबारात दोन आयरिश शिपाई ठार झाले. डॅलीला हिमाचलातल्या दगशाई इथे २ नोव्हेंबर १९२० रोजी गोळ्या घातल्या. विशीतला पोरगा होता. पन्नास वर्षांनी, १९७० मध्ये, त्याचे अवशेष आयर्लंडला नेले.

दोन्ही प्रकरणं सारखी नव्हती, हे मी मान्य करतो. कर्रावर कुणी हत्यार उचललं नाही, सोलनला उचललं. शस्त्रागारावरचा हल्ला कोणतीही फौज खपवून घेणार नाही. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ब्रिगेडियरला आधी पर्याय दिला गेला, मग बोलावून कागद दिला गेला. शिपायाला पर्याय कुणी विचारलाच नाही. आज्ञापालन दोघांसाठी एकच आहे, असं शिपायाला वाटलं पाहिजे. ज्या दिवशी तसं वाटेनासं होतं, त्या दिवशी फौज आतून पोखरायला लागते. १९१४ च्या त्या कागदानंतर, सरकार आपल्याला दिलेला शब्द पाळेल यावरचा बऱ्याच आयरिश लोकांचा विश्वास उडाला. पुढे आठ वर्षांनी, १६ मे १९२२ रोजी, ब्रिटिशांना कर्राची छावणी आयर्लंडच्या हवाली करावी लागली.

स्वतःचं राज्य आलं म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. त्याच डिसेंबरात, यादवी युद्धात, याच छावणीत आयरिश सरकारने आपल्याच सात विरोधकांना एका दिवशी गोळ्या घातल्या.

शेवटची गोष्ट थोडी हलकी आहे. दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ राहिलं. तिथे विमान पडलं की वैमानिक इंग्रजांचा असो वा जर्मनांचा, त्याला कर्रावर स्थानबद्ध करत. एकाच आवारात दोन्ही शत्रू राहत, मध्ये कुंपण. पण बाहेर जायचं असेल तर एका कागदावर सही करायची : मी परत येईन. तेवढ्या शब्दावर हे वैमानिक गोल्फ खेळायला, सिनेमाला, गावात जात. डिसेंबर १९४१ मध्ये रोलंड वुल्फ नावाचा ब्रिटिश हवाई दलातला अमेरिकन वैमानिक सही करून बाहेर पडला, हातमोजे विसरल्याचं सांगून परत आत गेला आणि पुन्हा बाहेर आला. आता त्या सहीचं बंधन उरलं नाही, असा त्याचा हिशोब. तो बेलफास्टपर्यंत पोहोचलाही. पण ब्रिटिशांनीच त्याला पुन्हा कर्रावर पाठवून दिलं. भर युद्धात, प्रशिक्षित वैमानिकांची गरज असताना. कारण एकाने शब्द मोडला तर बाकीच्यांच्या शब्दाला किंमत राहत नाही.

तिथे जायचा योग आला, तर डर्बीच्या दिवशी जरूर जा. ती साधारण जूनच्या अखेरीस असते. पण त्याआधीच्या एखाद्या साध्या सकाळीही जा. स्टँडकडे पाठ करून माळावर चाला. गिबेट रॅथ लांब नाही. छावणी आजही आयरिश सैन्याकडे आहे, आणि माळाची मालकी त्यांच्या संरक्षण खात्याकडे. मेंढपाळांचा चराईचा हक्क मात्र अजून टिकून आहे. एवढ्या सत्तांतरांत राजे बदलले, निशाणं बदलली, पण मेंढ्यांना दिलेला शब्द कुणी मोडला नाही. माणसांच्या बाबतीत तेवढं सांगता येत नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.